घोडा नव्हता तो

घोडा नव्हता तो. नव्हता, नव्हता, नव्हता! माझं हे वाक्य ऐकून परिसंवादांत लोक हसायचे, चहाच्या टेबलाशी मला 'घोडेवाली बाई' म्हणायचे, आणि एकदा तर एका विद्वानानं भर सभेत विचारलं, "बाईंना लहानपणी घोडा चावला होता काय?" चावला असता तर बरंच झालं असतं. दातांचे व्रण बघून मी तिथल्या तिथे सांगितलं असतं की हा तो नव्हे.

मी वृषाली चितारी, सावंतवाडीची. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळणी करतात. मी दोन कोटी वर्षांपूर्वी मेलेल्या जनावरांची हाडं उकरते. आई म्हणायची, "रंगवलेली केळी-आंबे सोडून हिला सांगाडे कसले आवडतात कोण जाणे!" लग्न केलं नाही, कारण करावंसं वाटलं नाही. हे एवढ्यासाठी सांगते की पुढे 'वारस' हा शब्द बरेचदा येणार आहे, आणि त्या शब्दाचा मला आधीपासूनच राग आहे.

कुडाळपासून आत तांबळखोल नावाचं गाव आहे. तिथं चिनी मातीची जुनी खाण. वर तांबडा जांभा, त्याखाली पांढरी माती, आणि अगदी तळाशी कोळशासारखा काळा थर. खाणीतली माणसं त्याला काळी पायरी म्हणत. दोन कोटी वर्षांपूर्वी तिथं दलदल होती. पाणी प्यायला आलेली जनावरं रुतायची, बुडायची, आणि तो काळा चिखल त्यांना असा घट्ट दाबून धरायचा की आत हवाही शिरायची नाही. माझे गुरू प्राध्यापक केळुसकर यांना फार वर्षांपूर्वी या पायरीत एक जबडा मिळाला, मग काही सुटे दात मिळाले. सरांनी त्या जनावराला सह्याथेरियम नाव दिलं. त्याच्यासारखे आणखी दोन-तीन प्रकार सापडल्यावर सगळ्यांचा मिळून एक गट केला, आणि दातांवरचे कंगोरे बघून जाहीर केलं की हे घोड्याचे चुलते. जगात दुसरीकडे कुठेही या गटाचा तुकडासुद्धा मिळाला नाही, त्यामुळे सरांचाच शब्द शेवटचा ठरला. तांबळखोलच्या वेशीवर सिमेंटचा घोडा उभा राहिला. शाळेच्या बिल्ल्यावर घोडा आला, क्रिकेटच्या संघाचं नावसुद्धा घोडखाण.

मग मला घोटा मिळाला.

खुरवाल्या जनावरांची दोन मोठी घराणी आहेत. एक विषम खुरांचं, त्यात घोडा आणि गेंडा. दुसरं सम खुरांचं, त्यात गाय, हरीण, डुक्कर. कोण कुठल्या घराण्यातलं हे ठरवायचं तर नुसत्या दातांवर जाऊ नये. दोन परकी जनावरं लाखो वर्षं एकाच तऱ्हेचा पाला चघळत बसली तर दोघांचे दात सारखे दिसायला लागतात. घोट्याचं हाड सहसा असं फसवत नाही. गाईच्या घोट्याच्या हाडाला वर आणि खाली, दोन्ही टोकांना, रहाटाला असते तशी कप्पी असते. घोड्याच्या हाडाला वर कप्पी आणि खालचं टोक जवळजवळ सपाट. काळ्या पायरीत सह्याथेरियमच्या दातांशेजारीच मला मिळालेल्या हाडाला वर उथळ खाच होती आणि खाली वाटोळं डोकं. ना हे घराणं, ना ते. दोन्ही घराणी वेगळी व्हायच्या आधीच फुटलेली ती एखादी फांदी असणार. आपल्या वाटेनं वाढली, कोकणात पोचली, नांदली आणि संपली. आज जिवंत असलेल्या एकाही जनावराची ती आजी नाही की पणजी नाही.

मी हे छापलं. "एका हाडापायी माझं अख्खं घराणं मोडतंस?" सर एवढंच म्हणाले आणि माझ्याशी बोलायचे बंद झाले. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण म्हणून हाडाचं डोकं काही सपाट झालं नाही.

आणि मग कौलपेटी आली. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण तांबळखोलात ते कोण लक्षात ठेवणार? आमच्याकडे देवाला कौल लावतात. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते ते बघत बसायचं. ही शिलाई मशीनएवढी पेटीही तशीच. दाताची चिमूटभर पूड घालायची, झाकण लावायचं आणि बसायचं. दातात प्रथिनं असतात. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ, आणि मण्यांचा क्रम जनावरागणिक बदलतो. जवळच्या नात्यात थोडा, लांबच्या नात्यात जास्त. डीएनए आमच्या दमट उकाड्यात कधीच विरून जातो, पण दातातल्या माळांचे तुकडे कोटी-दोन कोटी वर्षंही तग धरू शकतात. पेटी ते तुकडे वाचायची, जगातल्या साऱ्या जनावरांच्या माळांशी ताडून बघायची आणि सांगायची, हा कोणाचा कोण.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पेटीला ओवाळलं असतं. पण तोवर जुन्या प्रथिनांवरून कडक उन्हात तगणारी गुरं आणि घोडी घडवायचा धंदा जगभर तेजीत आला होता. त्या धंद्याकडे डोळे लावून बसलेल्या जीवाश्म आयोगानं नवा नियम काढला. ज्या जीवाश्माचा वंश आज जिवंत आहे, त्याचीच जागा राखायची. ज्याला जिवंत वारस नाही, त्याची जागा मोकळी.

तांबळखोलची खाण तेव्हा बंद पडली होती. शेजारच्या माळावर संगणकांचं मोठं कोठार उभं राहत होतं आणि ते थंड ठेवायला पाण्याचं तळं हवं होतं. खाणीचा खड्डा आयताच तयार! कालव्याचं पाणी आत सोडलं की काळी पायरी बुडणार, आणि दोन कोटी वर्षं कोंडून टिकलेली हाडं बघता बघता लगदा होणार. आम्ही जेमतेम एका खोलीएवढी जागा उकरली होती. बाकीच्या पायरीत काय काय आहे ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि पाणी सुटलं तर कधी कळणारही नव्हतं.

आयोगाचे अधिकारी मृण्मय देवस्थळी आले. शांत, शिकलेला, बोलायला गोड माणूस. त्यांनी सरांचा जुना जबडा आणि दात घेतले, पूड काढली, पेटीत घातली. कौल आला, घोड्याचं घराणं.

गावानं काय जल्लोष केला! सरपंच रश्मी गावडे, चाळिशीची, तोंडानं फटकळ आणि कामाला वाघीण, घरोघर गुळाचं खाजं वाटत फिरली. माझ्या हातावर मूठभर ठेवून म्हणाली, "खा गो डॉक्टरीणबाय. तोंड कडू करू नको. खाण वाचली मां?" खाण वाचली याचा मलाही आनंद झाला होता. खाजं खाल्लंही. घोटा मात्र डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. कित्येक वर्षांनी. "काय गो, आता काय म्हणतलंस?"

"घोटा अजून तसाच आहे, सर," मी म्हटलं.

"हट्टी मेली!" म्हणाले आणि फोन ठेवला. आवाज मात्र खुशीत होता.

मी हट्टी आहेच. कुडाळच्या कॉलेजात आमची प्रयोगशाळा आहे, आणि तिथंही एक कौलपेटी होती. तिथं जबडा परत आला तेव्हा मी तो पुन्हा तपासायला घेतला. एका दाताच्या मुळाशी भेगेत जुना गाळ बसला होता. तो सुटावा म्हणून मी किटलीच्या वाफेवर जबडा हळूहळू शेकला, आणि वास आला. मी खुर्चीवरून उठले, कारण तो वास प्रयोगशाळेचा नव्हताच, माझ्या घराचा होता. उकळलेल्या कातड्याचा, हाडांचा, नाक मुरडायला लावणारा वास. सरस!

आजच्या पोरांना सरस म्हणजे काय ते सांगावं लागतं. पूर्वी सुतार, खेळणीवाले लाकूड चिकटवायला जो डिंक वापरायचे तो मेलेल्या जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला असायचा. बाबांच्या दुकानात सरसाचा डबा कायम शेगडीवर. आणि केळुसकर सर मला पहिल्यांदा भेटले ते तिथंच, बाबांकडे सरसाच्या वड्या मागताना. काळ्या पायरीतलं हाड बाहेर काढून वाळलं की त्याला भेगा पडतात आणि हातातच त्याचा भुगा होतो. परदेशी रसायनं सरांना कुठली मिळायला? म्हणून ते खाणीच्या काठावर चूल मांडायचे, सरस पातळ करायचे आणि हाड निघालं की गरम गरम त्यात बुडवायचे. सरस आत आत मुरायचा आणि हाड टिकायचं. आम्हा खेळणीवाल्यांच्या गावातल्या प्राध्यापकालाच हे सुचणार.

आता पेटीकडे बघा. दातातलं खरं प्रथिन चिमूटभर, मुरलेला सरस ओंजळभर. पेटी काही मूर्ख नव्हती. गाय, म्हैस, शेळी, माणूस यांची भेसळ ती आपोआप गाळायची, कारण ती प्रयोगशाळेत नेहमीच होते. घोड्याची भेसळ कोण धरणार? पण बाबांचा सरस घाटावरून यायचा आणि कारखानदार पडेल ते कातडं उकळायचा. टांग्याची म्हातारी घोडीही त्यातच गेली असणार. शिवाय नवं प्रथिन असतं तर पेटीनं ते नवं म्हणून ओळखलं असतं. काळ गेला की प्रथिनाच्या माळा तुटतात, मणी बदलतात, त्यावरून ती वय जोखायची. पण तासन्‌तास उकळल्यावरही तीच मोडतोड होते. लाखो वर्षांनी जे व्हायचं ते कढईत एका दिवसात झालं होतं. पेटीला वाटलं, हा फार फार जुना, जरा मोडका घोडा.

मी तशीच घरी गेले. बाबांच्या माळ्यावर सरसाची एक जुनी वडी पडून होती. ती प्रयोगशाळेत आणली आणि खरवडून पेटीत घातली. पेटीनं गंभीरपणे सांगितलं: सह्याथेरियमचा अत्यंत निकटचा नातलग. मी एकटीच खो खो हसत सुटले. शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले.

मग मी खाणीत उतरले. काळ्या पायरीतून एक नवा दात काढला, मातीसकट, कशालाही न लावता. त्याची पूड पेटीत घातली आणि नखं खात बसले. उत्तर आलं: घोडा नाही, गेंडा नाही, गाय नाही; दोन्ही घराण्यांपूर्वी फुटलेली शाखा; जिवंत नातलग नाही.

माझा घोटा खरा ठरला होता. इतकी वर्षं लोकांचं हसणं ऐकलं, त्याचं हे उत्तर होतं. मी मूठ आवळून "बघा!" म्हणून ओरडले, आणि ओरडल्याबरोबर उठून दार लावून घेतलं. नियम समोर उभा होता. हे मी तोंडातून काढलं की काळी पायरी पाण्याखाली.

गप्प बसणं फार सोपं होतं. खाण वाचली असती, गाव खूश, सर खूश. एका मेलेल्या जनावराचं नाव चुकीचं राहिलं असतं, एवढंच. मी जबडा आणि किटली घेऊन सरांकडे गेले.

सर पडवीत आरामखुर्चीत बसले होते. नव्वदीला टेकलेले, पण नजर तीच. मी किटली तापवली आणि जबडा वाफेवर धरला. वास पसरला. सरांनी डोळे मिटले.

"माझोच सरस," शेवटी म्हणाले. "तुझ्या बापाशीच्या दुकानातलो."

"सर, सरस नसता तर हा जबडा आज नसताच. तुम्ही तो वाचवलात. पण पेटीनं वाचलं ते सरसाचं वाचलं. मी नवा दात तपासलाय. घोडा नाही."

"आणखी कोणाक सांगलंस?"

"नाही अजून."

"मगे गप रव!" सर खुर्चीतून पुढे झुकले. "घोडो तर घोडो. खाण वाचता मां? पाणी जाऊ दे खय जाता थय. माझ्यामागसून काय ता छाप."

"आणि आयोगवाले घोड्याच्या प्रथिनासाठी पायरी खणायला येतील तेव्हा? ताजे दात काढतील, घोडा मिळणार नाही, आणि मग त्याच दिवशी पाणी सोडतील. शिवाय सगळे म्हणतील, तांबळखोलवाल्यांनी डिंक लावून फसवलं."

"ता तेव्हाचा तेव्हा."

"नाही सर." माझा आवाज चढला, मला आवरता आला नाही. "त्या जनावराजवळ दुसरं काही नाही. पिल्लं नाहीत, नातवंडं नाहीत, कुठल्या पाठ्यपुस्तकात चित्र नाही. ते जे होतं ते होतं, एवढीच त्याची कमाई. तीही आपण घोड्याला देऊन टाकायची? मी नाही देणार."

सरांनी दाराकडे बोट दाखवलं. "भायर जा." मी जबडा फडक्यात बांधला आणि निघाले. रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच राग येत होता.

आयोगाला सांगण्याआधी गावाला सांगायला हवं होतं. बुडणार होती ती त्यांची खाण. मी रश्मीच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. थापायची थांबली.

"जरा कळ काढलं असतंस तर काय बिघडला असता तुझा?" ती कडाडली. "इतकी वर्सां तो घोडोच होतो मां? आणखी चार वर्सां ऱ्हवलो असतो!"

"घोडा नव्हता तो, रश्मी."

"मगे कोण तो?"

"कोणाचाच कोणी नाही. त्याचा वंश संपला. पुढे कोणी उरलं नाही."

"म्हंजे वारस नाय."

"नाही."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग नुसतं म्हणाली, "सुनावणीक तूच सांग. मी काय तुझी बाजू घेवचंय नाय." मला वाटलं, संपलं.

सुनावणी देवळाच्या सभामंडपात झाली, कारण सगळं गाव मावेल अशी तांबळखोलात तेवढीच जागा. देवस्थळी खुर्चीवर, बाकी सगळे खाली. एका खांबाशी कोठाराच्या कंत्राटदाराकडे कामाला असलेले गावातलेच ड्रायव्हर आणि पंपवाले बसले होते. सर रिक्षानं आले, माझ्याकडे न बघता मागच्या भिंतीला टेकून बसले. ते घोड्याच्या बाजूनं बोलायला आलेत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी उभी राहिले. सरस, वाफ, वडी, नवा दात, सगळं सांगितलं. सरांचा दोष नाही हेही सांगितलं. मंडपात कुजबूज सुरू झाली. एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे वेशीवरचो घोडो काढूचो?" कोणीतरी हसलं, पण हसू पुढे गेलं नाही.

"मॅडम, तुमच्या प्रामाणिकपणाचं मला खरंच कौतुक वाटतं," देवस्थळी म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "पण मग नियम स्पष्ट आहे. हा गट निर्वंश आहे. सोमवारी पाणी सोडायला हरकत नाही असं मला कळवावं लागेल."

"का?" मी विचारलं. "लाखो वर्षं ही जनावरं या मातीवर नांदली. माणसाला अजून तेवढी व्हायचीत. शिवाय अशी शाखा दुसरीकडे कुठेच नाही. वारस असलेल्यांचं काहीतरी त्यांच्या वारसांत सापडेल. यांचं जे काही आहे ते फक्त त्या पायरीत आहे! उलट ह्यांनाच आधी राखायला हवं."

"मुद्दा बरोबर असेल, मॅडम. पण ज्याला वारस नाही ते राखायचं कोणासाठी? आयोगाला हे उत्तर द्यावं लागतं."

रश्मी उठली. "साहेब, तो शब्द परत एकदा बोला."

"कोणता?"

"वारस."

देवस्थळींनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. रश्मी मंडपाच्या मध्ये आली. "माझो घोव गेलो तेव्हा माका मूल नव्हता. दिरांनी सामान भायर काढल्यानी. म्हणाक लागले, तुका वारस नाय, तर घर राखतलंस कोणासाठी? हेच शब्द. मी उंबऱ्यार बसलंय, उठलंय नाय. हय बसलेत त्येंतल्या अर्ध्यांनी माका बघितला हा." दोन-चार माना खाली गेल्या. "कोणासाठी म्हंजे काय? माझ्यासाठी! मी जिती होतंय, ता काय खोटा?"

मला ही हकिगत माहीत नव्हती.

मग ती देवाकडे वळली आणि हात जोडले. आमच्याकडे मोठं संकट आलं की गाऱ्हाणं घालतात. एकानं देवाला सगळ्यांसमोर सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एरवी ते गावकार घालतो, मानाचा पुरुष. रश्मीनं कोणाला विचारलं नाही.

"बा देवा तांबळेश्वरा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीनंच सगळे बोलून गेले.

"आज तुझो गाव तुझ्या पायाकडे जमलो हा. गाऱ्हाणा माणसाचा नाय, जनावराचा आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"ता जनावर तुझ्याच मातयेत बुडान मेला. तेका घोडो म्हणान आमी मिरवलंव. तो घोडो नव्हतो!"

कोणी बोललं नाही. व्हय म्हणायचं म्हणजे वेशीवरचा घोडा गेला, बिल्ल्यावरचा गेला, आणि सर मागे बसलेले. सगळ्या माना हळूच भिंतीकडे वळल्या. रश्मी हात जोडून तशीच उभी, पुढचं वाक्य घेईना.

मागून एक फाटका, म्हातारा आवाज आला. एकटाच.

"व्हय म्हाराजा!"

सर भिंतीला धरून उठले होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. मग सगळा मंडप गरजला, "व्हय म्हाराजा!"

"तो गाय नव्हतो, गेंडो नव्हतो, कोणाचो बापूस नव्हतो, कोणाचो आजो नव्हतो. तो आपलो आपण होतो!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्येचो कोण नाय तेचो तू. आजपासून काळी पायरी तुझ्या राईत घी. थयली माती हलवक, थय पाणी सोडूक ह्या गावातलो हात उठता नये. उठलो तर तेका तू बघून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खांबाजवळचे ड्रायव्हर आणि पंपवाले सगळ्यांत मोठ्यानं ओरडले.

देवराईतली काडीसुद्धा आमच्याकडे कोणी मोडत नाही. आणि गाऱ्हाण्याला एकदा व्हय म्हटलं की ते म्हणणाऱ्याच्या गळ्यात पडतं. देवस्थळींना हे कोणी समजावून सांगितलं नाही, पण त्या खांबाकडे बघून त्यांना समजलं असावं.

"सरपंचबाई, याला कायद्यात काही आधार नाही," ते म्हणाले.

"नसांदे," रश्मी म्हणाली. "चाय घेवन जावा."

सोमवारी कंत्राटदाराचा माणूस कालव्यावर आला तेव्हा झडपेचं चाक फिरवायला गावातला एकही जण आला नाही. त्यानं स्वतः फिरवून बघितलं, पण ते जड चाक एकट्याला हललं नाही. आता बाहेरून माणसं आणतो म्हणतोय. आयोगानं मला नोटीस धाडलीय, मी त्यांना घोट्याच्या हाडाचे फोटो धाडलेत. आणू दे बाहेरून किती आणायची ती. आम्ही पायरीवरच आहोत. बाया पाळीपाळीनं जेवण घेऊन उतरतात, ड्रायव्हरांनी ताडपत्री बांधून दिलीय, आणि सर आरामखुर्ची टाकून मधोमध बसलेत. नव्या गटाचं वर्णन ते सांगतात आणि मी लिहिते. नुसत्या दातांवर विसंबू नये हे अजूनही त्यांना कबूल नाही, त्यावरून रोज भांडण होतं. काल माझ्या खुरप्याखाली एक सबंध पाऊल लागलं, घोट्यापासून खुरापर्यंत. ते पुरतं मोकळं करायला पावसाळ्यापर्यंत वेळ लागेल. तोवर आम्ही इथून हलत नाही.